कासवखाडीचा आकडा

लेम खानूनच्या नौदल तळाच्या फाटकावर चीफ प्रमुअलने सव्वीस वर्षं एकच शब्द वापरला होता: "थांबा." मच्छीमार आले, थांबा. बर्फाची गाडी आली, थांबा. एकदा खुद्द त्याची सासू भाताचा डबा घेऊन आली, तर तिलाही त्याने ओळखपत्र मागितलं, आणि त्या एका शब्दाचं व्याज तो अजून फेडत होता.

मग वरून हुकूम आला. देशातल्या लोकांनी सुट्टीत परदेशी जाण्यापेक्षा आपलेच तळ बघावेत, तिथे जेवावं, तोफेवर बसून फोटो काढावेत. आणि हे सगळं 'शाश्वत' असावं. शाश्वत म्हणजे काय ते हुकमात नव्हतं. फाटकावरच्या आठ जणांना दोन दिवसांचं हसण्याचं प्रशिक्षण मात्र होतं. प्रमुअलने घरी आरशासमोर सराव केला. बायकोने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

शाश्वत म्हणजे काय, हे सांगायला राजधानीतून लेफ्टनंट फाई आली. समुद्री जीवशास्त्राची पदवी, चष्मा, पाठीवर पिशवी आणि पिशवीत पन्नास मीटरची टेप. तळाच्या मागे एक छोटी खाडी होती, तिथे कासवं अंडी घालत. पर्यटकांना खरं बघायचं असे तेच. फाईने आल्या आल्या नियम घातला: रोज पहाटे भरतीची रेघ बघायची, उरलेली वाळू मोजायची, घरट्यांची कुंपणं वजा करायची, आणि माणशी आठ चौरस मीटर धरून येईल तेवढीच माणसं आत.

"साडेएकसष्ट आले तर?" प्रमुअलने विचारलं होतं.

"एकसष्ट लिहायचे, चीफ. अर्ध्या माणसाला पायही पूर्ण दोन असतात."

तो आकडा फाटकावरच्या काळ्या पाटीवर खडूने लिहिण्याचं काम प्रमुअलकडे आलं. 'आज खाडीत माणसं: एकसष्ट.' तेवढी झाली की बाकीच्यांनी जुनी गस्तीनौका बघावी, नेमबाजी करावी, मेसमध्ये भाजलेला माकुल खावा. पहिल्यांदा त्याला हे खूळ वाटलं. पण एका वादळी भरतीत खालच्या अंगाचं एक घरटं वाहून जायला आलं, आणि फाईने त्याच्या हातात बादली दिली. अंडं उचलायचं ते फिरवायचं नाही, जसं होतं तसंच ठेवायचं. प्रमुअल वाळूत गुडघे टेकून दोन तास एकेक अंडं उचलत होता आणि मोठ्याने मोजत होता. एकशे तीन. फाई म्हणाली, "पुन्हा मोजा." पुन्हा एकशे तीन. तिने तो आकडा आपल्या वहीत लिहिला. ती वही ती कुणाला दाखवत नसे. घरटं वरच्या वाळूत नव्याने बसवलं, भोवती कुंपण घातलं, आणि त्या दिवसापासून प्रमुअल रोज सकाळी तिथे एक चक्कर मारू लागला. स्वतःच्या मुलींचे वाढदिवस त्याला बायको सांगे. या घरट्याला किती दिवस झाले, ते तो झोपेतून उठून सांगू शकला असता.

आता घोटाळा कसा झाला ते.

लेम खानूनच्या माणसांना दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला दुपारी दुसरं काही सुचत नाही. त्या दिवशी लॉटरीचा निकाल असतो, आणि शेवटचे दोन आकडे जमले तरी पुष्कळ होतं. आकडा कुठूनही येतो. स्वप्नात हत्ती आला तर त्याचा आकडा असतो, गाडी ठोकली तर तिच्या नंबरचा, आणि जावई पळून गेला तर त्याच्या वयाचा. एका पहिल्या तारखेला प्रमुअलला स्वप्नच पडलं नाही. हातात खडू होता, पाटीवर अडुसष्ट लिहिलं होतं. त्याने समोन मावशीकडे अडुसष्ट लावला. समोन मावशी फाटकाजवळ शेवयांचं सूप विकत असे, आणि सूपाच्या पातेल्याशेजारी ती जे टिपून घेई, त्यातलं सगळंच सूप नव्हतं. तळावर हे सर्वांना माहीत होतं, म्हणून ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुपारी अडुसष्ट आला.

प्रमुअलने फाटकावरच्या सगळ्यांना भाजलेली कोंबडी खिलवली. कुणीतरी विचारलं, आकडा कुठून आणलास? कोंबडीने तोंड भरलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. त्याने नुसतं बोट पाटीकडे केलं.

सोळा तारखेला पाटीवर एकतीस होतं. निकाल लागला तेरा. आता शहाण्या माणसाला यातून कळावं की पाटी चुकली. पण लेम खानूनमध्ये संध्याकाळपर्यंत एकच वाक्य फिरत होतं: "अरे, उलटा आला." म्हणजे पाटीचं चुकलं नव्हतं, वाचणाऱ्याचं चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाटीच्या खांबाला रंगीत फडकी बांधलेली होती. तिसऱ्या दिवशी पायथ्याशी लाल सरबताच्या नऊ बाटल्या, प्रत्येकीत नळी, कारण पाटीतल्या देवतेला बाटली तोंडाला लावायला लावणं बरं दिसत नाही. एक बाई पाटीवर पावडर चोळत होती. खालून दुसरा आकडा उमटतो का ते तिला बघायचं होतं. तीन जिल्ह्यांच्या गाड्या उभ्या होत्या. गर्दी कमी करायला लावलेली पाटी बघायला लेम खानूनला आजवरची सगळ्यात मोठी गर्दी जमली होती.

फाईने आकडा पुसायला लावला. रिकामी पाटी बघून लोक म्हणाले, शून्य-शून्य. तिने आकड्याऐवजी 'थोडी माणसं' असं लिहायला लावलं, तर एकाने अक्षरं मोजली. खलाशी शिट्ट्या मारून गर्दी पांगवू लागले, तेव्हा मागून आवाज आला, "किती झाल्या रे? कुणी मोजल्या का?"

शेवटी प्रमुअल कंटाळला आणि त्याने खरं बोलण्याची चूक केली.

"अहो, पाटीत काही नाही," तो फाटकावर उभा राहून म्हणाला. "मी फक्त लिहितो. मॅडम रोज सकाळी खाडीत वाळू मोजतात, त्यातून आकडा निघतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रमुअलला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत चौदा टेपा होत्या.

दक्षिणेकडचं कुंपण ओलांडून माणसं आली होती. भरतीची रेघ कुठली यावर दोन कुटुंबांत वाद चालला होता. ज्यांनी जन्मात समुद्राकडे गळ आणि जाळ्याशिवाय पाहिलं नव्हतं, ते आता चंद्राची कला विचारत होते. गावातले निवृत्त शिक्षक प्रयून गुरुजी यांनी तर फाईला थांबवून सांगितलं, "बाळ, तुझं उत्तरेकडचं माप चाळीस सेंटीमीटरने चुकतंय. तिथे खडक वाळूखाली आहे."

फाईने जाऊन मोजलं. गुरुजी बरोबर होते. ती क्षणभर खूश झाली, आणि मग तिने मान वर करून खाडी बघितली. चाळीस माणसांच्या वाळूवर साडेतीनशे माणसं होती. प्रमुअलच्या घरट्याच्या कुंपणाचा एक बांबू वाकला होता आणि त्यावर कुणीतरी टोपी वाळत घातली होती.

प्रमुअलने टोपी काढली, बांबू सरळ केला, आणि गुडघ्यावर बसून बघितलं. घरट्यावरची वाळू वाटीएवढी खचली होती. खाली पिल्लं हलू लागली की वाळू अशी खचते. तीन दिवस, फार तर चार.

"पहिली तारीख," फाई त्याच्या शेजारी बसून म्हणाली.

"निकालाचा दिवस," प्रमुअल म्हणाला.

"आणि समितीचा."

त्या दिवशी राजधानीहून चार जणांची समिती पाहणीला येणार होती. खाडीत मर्यादा पाळली जाते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पाळली जात नसेल तर हा प्रयोग बंद, आणि मग तळप्रमुख कॅप्टन थवीसाक यांचा आराखडा कपाटातून बाहेर येणार होता. त्यात खाडीच्या जागी गाड्यांचा तळ आणि एक गाण्याचं सभागृह होतं, जिथे पाहुण्यांनी माइक धरून गावं. कॅप्टनसाहेबांचा आवाज खरोखर बरा होता. धोका तिथेच होता.

"लोकांना कळलंय की पिल्लं निघणार," फाई म्हणाली. "किती निघतात तो सगळ्यात मोठा आकडा, असं चाललंय. हजार माणसं येतील. चीफ, हे सुरू कुठून झालं, तुम्हाला काही कल्पना?"

"नाही मॅडम," प्रमुअल म्हणाला, आणि बांबू पुन्हा एकदा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

दुपारी तो समोन मावशीकडे गेला. भूक नव्हती, पण तिथे बसलं की माणसाला निदान काहीतरी चाललंय असं वाटे.

"बस, प्रमुअल. तोंड असं का, सासू आली का परत?"

"मावशी, कासवाच्या आकड्यावर किती जणांनी लावायचं ठरवलंय?"

"विचारू नकोस." तिने वाटी आपटली. "आत्तापासून सांगून ठेवलंय सगळ्यांना. त्या आकड्याला मी अर्धाच भाव देणार. तक्रार करायची नाही."

"अर्धा का?"

"अरे, माझ्या पातेल्यात चाळीस वाट्यांचं सूप असतं. चारशे माणसं आली तर काय करायचं? एक तर पाणी घालायचं, नाही तर दुकान बंद करून पळायचं. हजार जणांनी एकच आकडा लावला आणि तो आला, तर मला पळायलासुद्धा रिक्षा मिळणार नाही, कारण रिक्षावाल्यानेही तोच लावलेला असणार."

प्रमुअलने हातातल्या शेवया खायच्या काड्या खाली ठेवल्या. एक वर्ष फाई त्याला जे फळ्यावर काढून समजावत होती, ते मावशीने एका पातेल्यात सांगितलं होतं.

"आणि चाळीसच जणांना आकडा कळला तर?"

"तर पूर्ण भाव. माझा शब्द."

"पण ते चाळीस जण बाकीच्यांना सांगतील."

मावशी हसली. "लागायचा आकडा? लग्नाला तीस वर्षं झाली, मी अजून नवऱ्याला सांगत नाही."

त्या संध्याकाळी प्रमुअल गावाच्या चौथऱ्यावर उभा राहिला. फाटकावर नव्हे, चौथऱ्यावर. आणि गणवेश काढून. त्याने शाश्वत हा शब्द वापरला नाही. एवढंच म्हणाला, की कासवखाडीच्या आकड्याला मावशी अर्धा भाव देणार आहे, कारण बघणारे जास्त आहेत. चाळीस असतील तर पूर्ण.

आधी गलका झाला. मग चाळीस कोण, यावरून मोठा गलका झाला. तो शमवला प्रयून गुरुजींनी.

"चिठ्ठ्या टाकू," ते म्हणाले. "ज्याचं नाव निघेल तो आत."

"आणि ज्याचं निघणार नाही त्याने काय करायचं?" मागून एका कोळ्याने विचारलं.

"त्याने घरी झोपायचं. साध्या चिठ्ठीत ज्याचं नशीब नाही, त्याला आकडा कळून तरी काय उपयोग आहे?"

कोळ्याने थोडा विचार केला आणि मान डोलावली. "खरं आहे," तो म्हणाला. "उगाच पैसे गेले असते."

पहिल्या तारखेला पहाट ढगाळ होती. फाईने वाळू मोजली, गुरुजींनी दुसऱ्या टेपने तपासली, आणि दोघांचं चाळीसवर एकमत झालं. प्रमुअल आणि फाई धरून चाळीस. उरलेली अडतीस माणसं दोरीमागे मांडी घालून बसली होती. कुणी बोलत नव्हतं. कुणी खात नव्हतं. एका म्हातारीला खोकला आला तर तिने पदरासारखा गळ्यातला पंचा तोंडात कोंबला. दोन धडधाकट मच्छीमार दक्षिणेच्या कुंपणाशी उभे होते. ते मोजणीत नव्हते, त्यांचे पाय कुंपणाबाहेर आहेत याची गुरुजींनी खात्री करून घेतली होती. पहाटेपासून त्यांनी बावीस जणांना परत पाठवलं होतं, त्यात एकाचा सख्खा भाऊ होता.

सव्वासहाला कॅप्टन थवीसाक समितीला घेऊन आले. पुढे समितीच्या अध्यक्षबाई, मागे तिघे, सगळ्यांच्या हातात फायली. कॅप्टनच्या चेहऱ्यावर गर्दी बघायला निघालेल्या माणसाचं समाधान होतं. ते दोरीशी पोहोचले आणि प्रयून गुरुजींनी हात वर केला.

"थांबा."

प्रमुअलच्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षांत त्याला स्वतःला तो शब्द इतका छान जमला नव्हता.

"गुरुजी," कॅप्टन हळू आवाजात म्हणाले, "मी या तळाचा प्रमुख आहे."

गुरुजींनी हात जोडून नमस्कार केला. "हो साहेब. पण आज आकडा चाळीस आहे आणि आम्ही चाळीस आहोत. तुम्ही पाच जण आलात की पंचेचाळीस होतात. प्रमुखाचं वजनही वाळूवरच पडतं."

"हे समितीचे लोक आहेत."

"त्यांनी चिठ्ठी टाकली होती का?"

कॅप्टनने प्रमुअलकडे बघितलं. प्रमुअलने प्रशिक्षणात शिकवलं होतं तसं हसून दाखवलं. "साहेब, गस्तीनौकेच्या डेकवरून सगळं दिसतं. दुर्बिणी ठेवल्यात. गरम कॉफीपण आहे."

अध्यक्षबाई दोरीमागच्या माणसांकडे बघत होत्या. त्यांनी आजवर देशातले अकरा तळ पाहिले होते आणि अकराही ठिकाणी, या, या, पुढे या, असं म्हणत त्यांना घरट्याच्या डोक्यावर नेऊन उभं केलं होतं. त्यांनी फाईल उघडली, काहीतरी लिहिलं, आणि स्वतःच गस्तीनौकेकडे चालू लागल्या. मग बाकीच्यांना जावंच लागलं.

साडेसहाच्या सुमारास वाळू हलली. आधी एक काळं नाक. मग एक वल्ह्यासारखा पाय. मग वाळू उकळल्यासारखी झाली आणि पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून बाहेर सांडू लागली. प्रमुअलला डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं झालं, वारा नव्हता. अडतीस तोंडं नुसते ओठ हलवून मोजत होती. एक पिल्लू वाट चुकून दोरीकडे आलं आणि म्हातारीच्या गुडघ्याशी थांबलं. एरवी तिने ते उचलून कपाळाला लावलं असतं. तिने श्वास रोखला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि कुजबुजली, "जा बाई. तुला दोनदा मोजतील." ते वळून पाण्याकडे गेलं.

शेवटचं पिल्लू लाटेत शिरलं तेव्हा गुरुजींनी कागदावर रेघ मारली. प्रमुअलचं आणि त्यांचं जुळलं. शहाण्णव.

गस्तीनौकेवर अध्यक्षबाईंनी कॅप्टनसमोरच निष्कर्ष वाचून दाखवला: स्थानिक लोकांनी मर्यादा स्वतःहून अंगीकारली असा हा पहिला तळ, खाडीचा प्रयोग चालू ठेवावा, नवीन बांधकाम करू नये. कॅप्टन शूर माणूस होते. म्हणाले, मेसमध्येही माइक लावता येतो. निघताना अध्यक्षबाई प्रमुअलपाशी थांबल्या.

"चीफ, नक्की किती निघाली?"

"शहाण्णव, बाई."

त्यांनी ते फायलीत लिहिलं. चार पावलं गेल्या. मग फायलीचा कोपरा फाडून त्यावर पुन्हा एकदा लिहिलं आणि तो चिटोरा पाकिटात ठेवला.

दुपारी निकाल लागला. शून्य सात.

लेम खानूनवर सुतक पडल्यासारखं झालं. निम्मे लोक म्हणाले, गुरुजींनी मोजायला चूक केली. निम्मे म्हणाले, पाटी आता थकली. गुरुजी, ज्यांनी स्वतः शहाण्णव लावला होता, दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी बातमी आली की शेजारच्या जिल्ह्यात एका केळीला बुंध्याच्या मध्यातूनच घड आलाय, आणि त्यात फण्या किती यावर वाद आहे. संध्याकाळपर्यंत फाटकावर एक गाडी उरली नाही. लाल सरबताच्या बाटल्यांवर मुंग्या आल्या होत्या. प्रमुअलने त्या गोळा केल्या, खांबाची फडकी सोडली, आणि पाटी ओल्या फडक्याने पुसली.

त्याच संध्याकाळी त्याने आणि फाईने घरटं उकरलं. तीन दिवसांनी तसं करायचं असतं; आत किती कवचं उरली, किती अंडी फुटलीच नाहीत, ते मोजायचं असतं. प्रमुअल वाळूत गुडघे टेकून एकेक बाहेर काढत होता, फाई वहीत रेघा मारत होती.

"मॅडम," तो खड्ड्यात बघत म्हणाला, "एक सांगायचंय. अडुसष्ट मीच लावला होता. पाटी मीच दाखवली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या दिवशी फाटकावर मलाही कोंबडी मिळाली होती, चीफ."

त्याने पुन्हा खड्ड्यात हात घातला. शेवटची अंडी निघाली. ती पांढरी, जड आणि न फुटलेली होती. त्याने ती ओळीत मांडली आणि तिने मोजली. मग पुन्हा मोजली. मग वहीचं जुनं पान उलटलं, जिथे दोन महिन्यांपूर्वीचा एकशे तीन हा आकडा होता, आणि त्यातून शहाण्णव वजा केले.

तिने वही त्याच्याकडे फिरवली.

सात.

प्रमुअलला निकाल आठवला: शून्य सात. एकशे तीन हा आकडा जगात दोनच जागी होता, या वहीत आणि त्याच्या डोक्यात. त्या सकाळी त्याने शहाण्णव लावला होता. एक वजाबाकी. तिसरीतल्या पोराला येते ती.

"चीफ," फाईने वही मिटली. "हे फाटकाबाहेर गेलं तर पुढच्या घरट्याला काय होईल?"

"लोक टेपा सोडून फावडी घेऊन येतील."

"मग या आकड्याची मर्यादा किती माणसांची?"

"दोन," प्रमुअल म्हणाला. "दोघंही आत आहेत."

त्याने सात अंडी पुन्हा खड्ड्यात ठेवली, वाळू लोटली, आणि वरून हात फिरवून जागा सारखी केली.

परतताना समोन मावशीने त्याला हाक मारली. गिऱ्हाईक नव्हतं, पातेल्यात चाळीस वाट्यांपैकी पंचवीस वाट्या सूप शिल्लक होतं. तिने न विचारताच त्याच्यापुढे एक वाटी ठेवली आणि वाकून जवळ आली.

"घरटं उकरलंत म्हणे. काय निघालं आत?"

प्रमुअलने काड्या उचलल्या. शेवया तोंडात भरल्या. कोंबडीच्या वेळेसारखंच तोंड गच्च भरलं होतं, आणि मावशीचे डोळे त्याच्यावर होते. त्याने सावकाश चावलं, सावकाश गिळलं.

"वाळू, मावशी," तो म्हणाला. "नुसती वाळू."